सव्वा मूठ गहू

पारोळे, जि. पूर्व खानदेश
६ मार्च १९५४

तीर्थरूप वहिनींस,
कौतिकचा साष्टांग नमस्कार.

भाईदासचं पत्र पोचलं. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, वाचून घरात सगळ्यांना बरं वाटलं. तुमच्या धाकट्या जावेने, धुरपदाने, गल्लीत साखर वाटली. मुलगा असता तर श्रावणात कानबाईमातेच्या रोटाच्या गव्हात आणखी एक मूठ वाढली असती. असो, पुढच्या खेपेला.

आता कामाचं लिहितो. तुम्ही सुमात्रेला गेलात त्या सुनेच्या बाळंतपणापुरत्या. सव्वा महिना झाला की निघा. मद्रासच्या आगबोटीचं भाईदास बघेल, एवढा डॉक्टर झालाय तर आईचं तिकीट काढता येईलच. वैशाखात आखाजीला पोचलात तर उत्तम, नाहीतर कानबाईच्या आत तरी घरी हव्यातच. रोटाचं दळण दरसाल तुमच्या हातचं. धुरपदा एकटी जात्यावर बसली की तिचा खांदा भरून येतो आणि राग माझ्यावर निघतो.

भाऊबंदांतही विचारतात. धुळ्याचे जीवरामकाका आले होते. म्हणाले, विधवा बाई समुद्रापलीकडे किती दिवस ठेवायची? मी म्हटलं, मुलाकडेच आहे ना. ते नुसते खाकरले. त्यांचं खाकरणं तुम्हाला माहीत आहे.

आणि एक. भाईदास लिहितो, 'आई फटफटी शिकते आहे.' मी पत्र पारावर वाचून दाखवत होतो, तिथे अडखळलो. मुख्तार मिस्त्री म्हणाला, डॉक्टरसाहेबांनी थट्टा केली असेल. मीही तसंच म्हणालो. थट्टाच आहे ना?

आपला,
कौतिक


मेडान, सुमात्रा
२४ मार्च १९५४

कौतिकभाऊंस अनेक आशीर्वाद.

थट्टा नाही. फटफटी खरी आहे, मी खरी आहे, आणि परवा दवाखान्याच्या मैदानात पडले तेही खरं आहे. कोपर खरचटलं. भाईदासने औषध लावलं आणि लावता लावता म्हणाला, "आई, आता पुरे." त्याचा आवाज अगदी तुमच्यासारखा झाला होता.

गाडी त्याचीच, हलकी, जर्मन बनावटीची. तो मोटारीने हिंडतो आणि ही कोपऱ्यात गंजत पडली होती. दवाखान्यात तिउर्मा नावाची एक नर्स आहे, तिने मला शिकवलं, निम्मं खुणांनी, निम्मं मला आलेल्या इथल्या भाषेत. लहानपणी अमळनेरला मी माझ्या बापाची दमणी हाकत असे. शर्यतीचे बैल होते ते. जिने तसले बैल आवरले तिला हे लोखंड काय जड! आणि आपलं नऊवारी लुगडं या वाहनासाठीच विणलं असावं. कासोटा घातला की दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत बसता येतं. माझी सून गोल पातळात एका बाजूला पाय सोडून बसते आणि वाटभर 'आई, हळू' म्हणते.

आता पुढचं ऐका, आणि ऐकताना खाटेवर बसा. इथून दिवसभराच्या वाटेवर एक सरोवर आहे. कोणे एके काळी तिथे आगीचा डोंगर होता. तो फुटला, मोठा खड्डा पडला, खड्ड्यात पाणी साचलं. मग पाण्याच्या पोटातून जमीन पुन्हा वर आली, ती बेट झाली. त्या बेटावर, तिउर्मा सांगते, उंचावर आणखी एक तळं आहे. तिचं माहेर त्याच बेटावर. एप्रिलमध्ये तिला रजा आहे. ती मागे बसेल, मी चालवीन.

कशाला, असं तुम्ही विचाराल. बघायला.

मी जन्मात जिथे जिथे गेले तिथे काम होतं म्हणून गेले. सासरी आले ती संसाराला. धुळ्याला गेले ती तुमच्या दादांच्या दुखण्यात, आणि परत आले ती एकटी. चाळीसगावला गेले नणंदेच्या बाळंतपणाला. नवस फेडायला गेले, मयतीला गेले, इथे आले तीही तेल-मालिश करायला. नुसतं बघायला म्हणून मी कधी कुठे गेलेली नाही. तर आता जाते.

आणि नात झाली त्याबद्दल 'असो' लिहिलंत, ते मला आवडलं नाही. फार गोड आहे पोर. नाक तुमच्यावर गेलंय, तेवढंच वाईट.

तुमची,
बेबावहिनी


पारोळे
१० एप्रिल १९५४

तीर्थरूप वहिनींस, साष्टांग नमस्कार.

पत्र पारावर वाचलं नाही, घरातच वाचलं. धुरपदा हसत सुटली, तिला मी दटावलं.

वहिनी, हे चालायचं नाही. लहान तोंडी मोठा घास होतो, पण दादांच्या मागे या घराचा कर्ता मी आहे, तेव्हा मला बोलावं लागतं. तुम्ही आता आजी झालात. आजीने फटफटीवर बसून आगीच्या डोंगरावर जायचं? तो डोंगर पुन्हा फुटला तर? त्या सरोवराचं नाव भाईदासने तुमच्या पत्राखाली लिहिलंय: तोबा! मुख्तार मिस्त्रीने ऐकून कानाला हात लावले.

गावात आता सगळ्यांना कळलंय. टपालवाल्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणून मी एक तोड काढली आहे. मी सांगून टाकलं की त्या बेटावर रोगराई आहे, भाईदासच्या दवाखान्याकडून वहिनी औषधं वाटायला जातात. लोकांना ते पटलं. भजनी मंडळातले लोक तर म्हणाले, पुण्याचं काम आहे. जीवरामकाकासुद्धा खाकरले नाहीत. तर तुम्हीही पत्रात तसंच लिहा. सोबत दोन-चार बाटल्या ठेवल्या तर खोटंही होणार नाही. नुसतं बघायला गेल्या, हे मात्र कुणापुढे बोलू नका. कामाला गेलेल्या बाईला कुणी नावं ठेवत नाही.

खरं तर जाऊच नका. पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मुख्तार म्हणतो, असल्या गाडीचा प्लग काळा पडतो आणि चढावर ती बंद पडते. प्लग काढून कोरड्या कपड्याने पुसायचा, फुंकर मारायची, मग लावायचा. एक जादा प्लग जवळ ठेवा. हे मी त्याच्या सांगण्यावरून लिहितो आहे, माझी परवानगी समजू नये.

कौतिक


मेडान
२ मे १९५४

कौतिकभाऊंस आशीर्वाद.

मी जाऊन आले. बाटल्या नेल्या नाहीत. सोबत दशम्या, लसणाची चटणी, एक जादा लुगडं आणि मुख्तारने सांगितलेला जादा प्लग, एवढंच नेलं. गावात तुम्ही काय सांगितलंत ते तुमचं तुम्ही निस्तरा. मी औषधं वाटलेली नाहीत. उलट तिथल्या एका म्हातारीनेच माझ्या अजून दुखणाऱ्या कोपराला पाला लावला.

आता तुम्हाला सांगते, नीट ऐका. धुरपदालाही वाचून दाखवा. तिला दटावू नका.

मेडानहून निघालो तेव्हा भाईदास फाटकात उभा होता, तोंड पाडून. सून मात्र पोरीला घेऊन हात हलवत होती. पहिला दिवस रबराच्या मळ्यांतून गेला. मग थंडी लागायला लागली, चढ सुरू झाला, आणि एका वळणावर तिउर्माने माझ्या खांद्यावर थोपटलं. मी गाडी थांबवली. खाली पाणी होतं. मी समुद्र ओलांडून आलेली बाई, मला पाण्याचं काय कौतुक? पण समुद्राला काठ दिसत नाही. इथे पाण्याला चारी बाजूंनी उंच कडे आहेत, आणि मधोमध ते बेट, आपला अख्खा पारोळे तालुका मावेल एवढं. मी खाली उतरले आणि गवतात बसले. तिउर्माने विचारलं, दमलीस का? मी म्हटलं, नाही, बघते आहे.

गाडी लाँचवर आडवी घातली. लाँचवाल्याने विचारलं, ही कुणाची? तिउर्माने माझ्याकडे बोट केलं. त्याला वाटलं ती थट्टा करते आहे. बेटावर उतरल्यावर मी लाथ मारून गाडी सुरू केली तेव्हा त्याने तोंडातली विडी काढून हातात धरली.

बेटावर रस्ता कसला, गाडीवाट आहे. एका बाजूला भातखाचरं, त्यांत म्हशी. घरांची छपरं दोन्ही टोकांना वर उचललेली. घरापुढेच मेलेल्यांची दगडी थडगी, छान रंगवलेली, जिवंत माणसांच्या घरांहून टुमदार. पोरं ओरडत मागे धावत होती. एका वस्तीत बायकांनी मला थांबवून माझ्या कासोट्याकडे बघितलं, तो कसा घालतात ते विचारलं. मी एकीला तिच्याच वस्त्राचा घालून दाखवला. फार हसलो.

मग वरच्या तळ्याकडचा चढ लागला. अर्ध्यावर गाडी दोनदा फुरफुरली आणि मेली. तिउर्मा म्हणाली, परत जाऊ या, ढकलत नेऊ. मी म्हटलं, थांब, आमच्या गावच्या मिस्त्रीने सांगून ठेवलंय. प्लग काढला, काजळासारखा काळा होता. लुगड्याच्या पदराने पुसला, फुंकर मारली, लावला. तिसऱ्या लाथेला गाडी बोलली. मुख्तारला सांगा, त्याचा आवाज त्या डोंगरात पोचला. पदराचा डाग अजून गेलेला नाही, मी घालवणारही नाही.

वर पोचलो. लहानसंच तळं आहे. गवत, चार म्हशी, दोन पाइनची झाडं, आणि सगळीकडे चिडीचूप. दुसरं काही नाही. देऊळ नाही, यात्रा नाही, कुणाचा नवस, मानता नाही. मी पाण्यात पाय सोडून बसले. भाईदास सांगत होता की आपल्या खानदेशची काळी जमीनही फार पूर्वी अशाच आगीतून आली, आपण त्या आगीवरच कपाशी लावतो. खरंखोटं त्याला माहीत. मी तिथे बसून एवढंच म्हटलं, बाई, तू इथे आलीस. कुणी पाठवलं नव्हतं, तरी आलीस.

येताना दुसऱ्या बाजूने आलो. तिथे हे बेट मोठ्या जमिनीला अगदी टेकलेलं आहे. मूळ जोडलेलंच होतं म्हणे, डच लोकांनी मधून कालवा खणला आणि वर पूल टाकला. त्या पुलावरून मी फटफटी नेली.

त्याच्या आदल्या रात्री तिउर्माच्या माहेरी राहिलो. तिथे एक गोष्ट घडली. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही, समोर बसून सांगेन. तिउर्माने भाईदासच्या कॅमेऱ्याने फोटो काढले आहेत. ते धुऊन आले की भाईदास पाठवील.

पारावर सांगा, वहिनी बघायला गेली होती. तुम्हाला जड जात असेल तर मुख्तारला सांगायला सांगा.

तुमची,
बेबावहिनी


पारोळे
२८ मे १९५४

सौ. की श्रीमती, काय लिहावं ते कळत नाही, म्हणून नुसतं वहिनींस लिहितो.

फोटो आले. मी घरी नव्हतो, अमळनेरला सरकी द्यायला गेलो होतो. पाकीट धुळ्याहून आलेल्या जीवरामकाकांनी फोडलं. मी आलो तेव्हा ओसरीवर सगळे भाऊबंद जमले होते आणि फोटो हातोहात फिरत होते.

फटफटीवरचा फोटो आहे, तो असू दे. पण दुसऱ्यात तुम्ही एका घरापुढे उभ्या आहात आणि एक परका पुरुष तुमच्या खांद्यावर नवं वस्त्र घालतो आहे. तुम्ही मान खाली घातली आहे. डोळ्यांत पाणी आहे. काका म्हणाले, "आखो काय पाहिजे? हाऊ पाट शे. तुनी वहिनीनी पाट लाई लिधा."

वहिनी, मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. पण नंतर तुमचं पत्र काढून वाचलं. 'एक गोष्ट घडली, ती पत्रात लिहिण्यासारखी नाही.' मग मी तो फोटो पुन्हा पाहिला. आपल्यात विधवेचा पाट कसा लागतो ते मला माहीत आहे. पुरुष नवं लुगडं आणतो, चार माणसांदेखत खांद्यावर टाकतो, झालं. दुसरं काय असतं त्यात?

काकांनी सगळ्यांसमोर बजावलं की पाट लावलेली बाई दुसऱ्या कुळाची झाली. कानबाईचा रोट कुळाबाहेर जात नाही. तुम्हाला रोट चालणार नाही, आणि श्रावणात या ओसरीवर चढताही येणार नाही.

मी फक्त एवढंच मागतो. एक ओळ लिहा, की तसं काही नाही. कानबाईला हात लावून लिहिते, असं लिहा. मी ती ओळ भाऊबंदांसमोर ठेवतो आणि सगळ्यांची तोंडं बंद करतो. तुमची खोली मी झाडून ठेवली आहे. कृपा करून ती ओळ लिहा.

कौतिक


मेडान
१४ जून १९५४

कौतिक,

आज तुम्ही-आम्ही राहू दे. मी या घरात आले तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि माझ्या कडेवर बसून माझ्या नथीला झोंबायचास. तुझ्या गोवरात मी जागले. तुझं लग्न, धुरपदाची बाळंतपणं या हातांनी निभावली. आणि तू मला एक ओळ लिहायला सांगतोस?

नाही लिहिणार.

मी पाट लावला की नाही लावला, याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. भाईदासलाही शपथ घातली आहे, तोही लिहिणार नाही. विचारायचं नाही म्हणजे नाही. लावला असता तर काय झालं असतं? जीवरामकाकांची बायको गेली आणि वर्ष भरायच्या आत त्यांनी दुसरी आणली. तेव्हा रोट कुळाबाहेर गेला का? त्यांना कुणी कानबाईला हात लावून काही लिहायला सांगितलं का? ओसरीवर सगळ्यांत आधी तेच चढून बसतात.

आता रोटाचं बोलू. दर श्रावणात तू परात घेऊन बसतोस आणि घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू घालतोस. पाळण्यातल्या पोराची मूठ निघते. पलटणीत गेलेल्या तुझ्या भावाची, पुन्याची निघते, तो दहा वर्षांत घरी आलेला नाही तरी निघते. ज्या वर्षी तुझे दादा गेले त्या वर्षी त्यांची मूठ थांबली. परातीत तेवढे गहू कमी झाले ते मला जात्यावर बसल्या बसल्या हाताला कळलं होतं. पण माझी मूठ थांबली नाही, कारण ती कधी निघालीच नव्हती. धुरपदाची नाही, तुझ्या आईची नव्हती. आम्ही फक्त दळलं. आणि मला कधी ते खुपलं नाही, याचा मला आज राग येतो. तुझ्यावर नाही, माझ्यावर येतो.

तर आता माझं म्हणणं ऐक. या कानबाईला माझ्या नावाची सव्वा मूठ घाल. माझ्या नातीच्या नावाची घाल. भाऊबंदांदेखत, नाव मोठ्याने घेऊन. मी खुलासा केल्यावर नाही, खुलासा न करता. माझ्यावर विश्वास असेल तर घाल, आणि विश्वास नसेल पण मी तुझ्या घरची आहे असं वाटत असेल तरी घाल.

घातलीस तर मी घरी येते. नाही घातलीस तर माझी खोली झाडू नकोस, तिच्यात सरकी भर. मी इथे माझी परात घेईन, माझी मूठ मी घालीन, आणि पुन्हा पारोळ्याला येणार नाही.

बेबाबाई


पारोळे
१० ऑगस्ट १९५४

तीर्थरूप वहिनींस, कौतिकचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राचं उत्तर दिलं नाही, कारण काय द्यावं हे कानबाईच्या रविवारपर्यंत मला माहीत नव्हतं. पत्र बंडीच्या खिशात घेऊन हिंडलो. धुरपदाने धुवायला बंडी मागितली तर मी देईना, तेव्हा तिने ते वाचलं.

रविवारी सगळे जमले. जीवरामकाका धुळ्याहून मुलं-नातवंडं घेऊन आले. मी परात घेऊन बसलो, दरसालप्रमाणे नावं घेत गेलो. काका, त्यांचे मुलगे, पुना, माझी पोरं, भाईदास. संपलं. मी हात झटकला आणि धुरपदाकडे परात सरकवली. तिने ती घेतली नाही. जात्याचा खुंटा सोडून हात मांडीवर ठेवून बसली. तुम्हाला ती अक्का म्हणते ना, तसंच म्हणाली, "पहिले अक्कानं नाव ल्या, मंग मी दयसू."

काका म्हणाले, "बाईना नावनी मूठ? हाई कोनी काढं?"

वहिनी, त्या वेळी मी काय विचार केला ते तुम्हाला वाटेल तसं मोठं नव्हतं. मला एवढंच सुचलं की मी या घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतलंय, दहा वर्षं न फिरकलेल्या पुन्याचंसुद्धा घेतलंय, आणि तुमचं एकदाही घेतलेलं नाही. वहिनीचं नाव दिराने कसं घ्यायचं? लहानपणापासून वहिनी म्हटलं. मग मी गव्हात हात घातला आणि 'बेबाबाई' म्हणालो. पहिल्यांदा हळू निघालं. धुरपदा म्हणाली, ऐकू नही ऊनं. मग मी मोठ्याने म्हणालो, एवढ्या मोठ्याने की मुख्तार त्याच्या दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला. दुसरी मूठ भाईदासच्या लेकीची घातली. तिचं नाव मला अजून कुणी कळवलेलं नाही, हे बरं नाही. आणि हात गव्हात होताच, तर तिसरी धुरपदाची घातली. ती इतकी गोंधळली की जात्याबाहेर दोनदा गहू सांडले.

काका उठले. त्यांच्या घरचं कुणी जेवलं नाही. जाताना म्हणाले, पुढच्या श्रावणापासून आमचा रोट वेगळा, धुळ्याला. मी म्हटलं, काका, तुमची मूठ इथे निघत राहील, यायचं तेव्हा या. ते खाकरले. ओसरी एकदम रिकामी झाली. पुरणपोळ्यांचा निम्मा रोट उरला, तो आम्ही दोन दिवस खातो आहोत, कारण टाकता येत नाही आणि बाहेर देता येत नाही. माझं पोट बिघडलंय, तो दोष तुमचा.

फोटोचं मी विचारत नाही. आता विचारणारही नाही. तुम्ही पाट लावला असलात तर पाहुण्यांना घेऊन या. ओसरीवर गादी घालीन, चहा-पाणी करीन. रोट मात्र त्यांना मिळणार नाही, तेवढा एक नियम राहू दे.

खोलीत सरकी भरलेली नाही. पुढच्या श्रावणात दळायला येऊ नका, खायला या.

तुमचा,
कौतिक


मेडान
२७ ऑगस्ट १९५४

चि. कौतिकभाऊंस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी रडले, आणि मग 'पाहुण्यांना घेऊन या' वाचून इतकी हसले की नात दचकून उठली. तिचं नाव सरोज ठेवलंय. मूठ तिला पोचली.

आता तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगते. फोटो पुन्हा काढा आणि डाव्या कडेला बघा. वस्त्राचं दुसरं टोक धरलेला एक हात दिसेल, बांगडी असलेला. तो त्या पुरुषाच्या बायकोचा आहे. दोघं तिउर्माचे आईबाप, सत्तरीचे. तिउर्माला कॅमेरा नीट धरता आला नाही, तिने आईला अर्धं कापलं. त्यांच्यात आल्यागेल्या माणसाच्या खांद्यावर नवराबायको मिळून असं वस्त्र घालतात, आशीर्वाद म्हणून. दुसरं काही नाही. एवढं लिहायला मला एक ओळ पुरली असती.

पण माझ्या डोळ्यांत पाणी का होतं, ते एका ओळीत मावलं नसतं. सकाळी निघायच्या आधी घरापुढे बसलो होतो, तेव्हा म्हाताऱ्याने मला विचारलं, तुझ्या घरी माणसं किती? मी आपली बोटं दुमडायला लागले. जीवरामकाका, त्यांची मुलं, कौतिक, पुना, भाईदास, तुमची पोरं. त्यांना बोटं मोजून सांगितली. म्हातारीने तिउर्माला काहीतरी विचारलं. तिउर्मा माझ्याकडे वळून म्हणाली, आई विचारते आहे, तुमच्याकडे बायका नसतात का? आणि तू कुठे आहेस?

मी रोटाच्या मुठी मोजल्या होत्या, कौतिक. घर मोजायची मला दुसरी रीतच येत नव्हती. आगीचा डोंगर बघून आले होते, फटफटीवरून बेट पालथं घातलं होतं, आणि घरात मीच नव्हते. मी दुमडलेली बोटं उघडली. मग ती दोघं उठली आणि त्यांनी ते वस्त्र माझ्या खांद्यावर घातलं. फोटो तेव्हाचा आहे.

आगबोट कार्तिकात आहे. फटफटी आणता येत नाही, भाईदास ऐकत नाही. मुख्तारला सांगा, एखादी जुनी बघून ठेव, प्लग मी साफ करीन. ते वस्त्र अंगावर घेऊनच ओसरी चढणार आहे, काकांना आधीच कळवून ठेवा.

काल तिउर्माने पुन्हा विचारलं, तुझ्या घरी माणसं किती? मी पहिलं बोट दुमडलं ते माझं.

तुमची,
बेबाबाई